वैद्यराज थांबले होते का

त्या सोमवारी डॉक्टरांनी ताईला घरी न्यायला सांगितले. पुढे औषध नाही, असे ते म्हणाले. आम्ही ऑटोने घरी आलो. ताईने चपला काढल्या, पाणी प्यायली आणि मला विचारले, "वैद्यराजांचं टायपिंग कुठवर आलं?"

वैद्यराज म्हणजे आमच्या घरातले तिसरे माणूस. तीनेकशे वर्षांपूर्वी ते एका लहानशा दरबारात राजवैद्य होते. ताई वर्ध्याच्या कॉलेजात संस्कृत शिकवायची आणि उरलेल्या वेळात त्यांचे चरित्र लिहायची. शाळेतून निवृत्त होऊन मी तिच्याकडे राहायला आले, तेव्हा मला एक खोली, एक कपाट आणि वैद्यराज मिळाले. तिने लिहिलेले कॉम्प्युटरवर उतरवायचे काम माझ्याकडे आले.

ते वैद्यकावर लिहीत आणि काव्यावरही. दरबारातल्या हकिमाशी त्यांचे वाद होत, पण हकिमाचा एखादा काढा लागू पडला की आपल्या ग्रंथात तसे सांगून टाकत. राजाला गोड वर्ज्य होते आणि राजा ऐकत नसे. म्हणून नाडी पाहण्याआधी वैद्यराज मुदपाकखान्यात डोकावून येत. ताईलाही डायबिटीस होता. मी गुळाचा डबा उघडून पाहिला की ती खोलीतूनच म्हणायची, "आल्या का मुदपाकखान्यातून?"

शेजारच्या किराणा दुकानातल्या वहिनी बरीच वर्षे समजत होत्या की वैद्यराज नागपुरात कुठेतरी बसतात. एकदा त्या कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "बाई, तुमच्या वैद्यराजायले माझे गुडघे दाखवा ना एकदा."

"ते वारले, वहिनी. तीनशे वर्षं झाली," ताई म्हणाली.

"मंग गुडघ्यासाठी काही लिहून ठेवलं असन ना?"

ताईने खरोखर शोधून सांगितले. एरंडाच्या पानांचा शेक होता. वहिनींना गुण आला की नाही ते कळले नाही, पण दिवाळीला फराळाच्या ताटात त्या एक लाडू जास्तीचा ठेवू लागल्या. "हा वैद्यराजायचा." तो लाडू ताई खायची.

चरित्र एका जागी अडले होते. राजा शेवटच्या आजारात कित्येक महिने अंथरुणावर होता. जो रोगी वाचणार नाही त्याचे उपचार वैद्याने हाती ठेवू नयेत, नाहीतर वैद्याचेच नाव जाते, असा त्या काळचा दंडक होता. रोग असाध्य दिसला की वैद्य निरोप घेऊन निघे. मग वैद्यराज निघाले, की थांबले? मला ते थांबलेले हवे होते. ताई म्हणायची, "मले काय नको आहेत? पण पुरावा दाखव." शेवटचे प्रकरण तसेच राहिले होते आणि तिला ते जाण्याआधी पुरे करायचे होते.

घरी आणल्यावर दिवसभर माझे काम तिच्यापाशी असे. ओठांना तूप लावायचे, पेजेची निवळ चमच्याने द्यायची, कूलरचा झोत अंगावर येणार नाही असा वळवायचा. मिक्सर लावला की ती डोळे घट्ट मिटायची, म्हणून मी चटणी वाटणे सोडले. एका सकाळी ती म्हणाली, "सांबारवडी खावीशी वाटते." मी कोथिंबीर आणून, निवडून, वड्या तळल्या. तिने ताटलीकडे पाहिले आणि तोंड फिरवले. मी ताटली ओट्यावर ठेवली आणि टायपिंगला बसले. मला वाईट वाटले होते.

त्या दुपारी जे पान समोर आले ते ताईने बाजूला काढलेले होते. वैद्यराजांच्या ग्रंथातला पथ्याचा एक छोटा भाग, पुढच्या कोणा नकलकाराने घुसवलेला असावा असे तिचे मत होते. त्यात औषध एकही नव्हते. औषध कुटायचा खल रोग्याला आवाज ऐकू येणार नाही इतका दूर न्यावा, असे होते. त्याला मान वळवावी लागणार नाही अशा जागी बसून बोलावे. त्याने पदार्थ मागितला आणि आणल्यावर नाकारला तर रांधणाऱ्याने रागावू नये. भांडे थोडा वेळ जवळ राहू द्यावे.

मी उठले. ओट्यावरची ताटली तिच्या उशाशी नेऊन ठेवली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "वास चांगला येऊन राह्यला."

"ताई, वैद्यराज थांबले होते."

"कशावरून?"

"वडीवरून."

ती हसली. हसताना तिला धाप लागली. "वडीवरून इतिहास लिहितात काय गं?"

मी तिला ते पान वाचून दाखवले. "निघून जाणाऱ्या माणसाला हे कळत नाही, ताई."

"त्यांनीच लिहिलं असं धरलं, तरी दुसऱ्या कोणाचं आजारपण पाहून लिहिलं असेल. बायकोचं, आईचं."

"असेल. पण कोणाजवळ तरी बसलेच होते ना?"

ताई मग म्हणाली, "राजाजवळ बसले, हे यातून निघत नाही. तुझं म्हणणं तू टिपेत लिही, तुझ्या नावाने. माझ्या मजकुरात नको." आणि थोड्या वेळाने, "साधं लिहिजो. रडून लिहू नको."

ती आणखी काही आठवडे होती. शेवटचे प्रकरण तिने मला तोंडी सांगितले. राजाच्या अखेरच्या दिवसांत वैद्यराज कुठे होते हे सांगता येत नाही, या वाक्यावर तिने ते संपवले. मी हट्ट केला नाही.

पुस्तक छापून आले आहे. त्या वाक्याखाली माझी चार ओळींची टीप आहे. घरात आता मी एकटी राहते.