देवीनं केस कुणाचे धरायचे

ग्रीकांच्या जुन्या युद्धकाव्यावर परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो : अभिमान, क्रोध आणि दैवी हस्तक्षेप. आधी तासिकेवर आणि मग कायम होऊन, मी तो बारा वर्षं शिकवतेय. इतका पाठ झालाय की शिकवताना मनात भलतंच काही चाललेलं असतं.

गोष्ट तशी सोपी. राजा आपल्याच सगळ्यात शूर योद्ध्याचा मानाचा वाटा काढून घेतो. वाटा म्हणजे लुटीत आणलेली एक बाई. तिला कुणी विचारतच नाही. योद्धा तलवारीला हात घालतो, तेवढ्यात देवी मागून येऊन त्याचे केस धरते. तो तलवार म्यान करतो, तंबूत जाऊन बसतो आणि त्याच्या रुसव्यापायी त्याचीच माणसं मरतात. इथं मी नेहमी म्हणायचे, आमच्या आजोबांनी धर्मांतराच्या वेळी घरातले सगळे देव बाहेर काढले, त्यामुळं आमचा राग आम्हालाच आवरावा लागतो. पोरं हसायची.

माझा थोरला भाऊ मात्र सहा वर्षं माझ्याशी बोलत नव्हता. दादानं ऊस तोडून मला शिकवलं. जयंतीला विहारापुढं पंचशील ध्वज चढवायचा मान त्याचा. आदल्या दिवशी झेंडा धुऊन, इस्त्री करून आणायचा, दोरीही तोच ओवायचा. मी कायम झाले त्या वर्षी कमिटीनं माइकवरून पुकारलं, यंदा ध्वजारोहण आपल्या वस्तीतल्या पहिल्या प्राध्यापिकेच्या हस्ते. आमच्यात शिक्षणाला एवढा मान, की दोरी धरून उभ्या असलेल्या माणसाला आधी सांगावं हे कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही. दादानं मुकाट्यानं दोरी माझ्या हातात दिली. संध्याकाळी म्हणाला, "मला इचारायचं तरी. मीच दिली असती की." चुकलं म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "झेंडा काय तुझ्या नावावर हाय का?"

पुढच्या जयंतीपासून तो विहाराकडं फिरकला नाही. मला वाटायचं, बहीण पुढं गेली म्हणून याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वर्गात त्या तंबूत बसलेल्या योद्ध्याबद्दल बोलताना माझ्या डोळ्यांपुढं दादाच असायचा, आणि मी जरा जास्तच कडक बोलायचे.

या हिवाळ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, देवीनं त्याचेच केस काहून धरले? राजाचे धरायचे की. हिसकून तर त्यानं घेतलं."

वर्ग हसला. मी खडू टेबलावर ठेवला. बारा वर्षांत हे मला एकदाही सुचलं नव्हतं. वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटेना. उरलेला तास मी हजेरी घेऊन काढला.

रविवारी कडा गावाला गेले. दादाची ऊसतोडीची टोळी तिथल्या साखर कारखान्याजवळ उतरली होती. झोपडीपुढं वहिनी चूल पेटवत होती, दादा कोयत्याला धार लावत होता. मी उभ्यानंच सांगून टाकलं, "दादा, चुकलं माझं. त्या दिवशी मी दोरी घ्यायलाच नको होती. तुझा राग खरा होता. यंदा झेंडा तूच चढव."

त्यानं कोयता बाजूला ठेवला. शिव्या देईल असं वाटलं. मी त्याच तयारीनं आले होते.

"राग लई व्हता," तो म्हणाला. "तीन-चार वर्सं वाट बगितली, आज येशील, उद्या येशील. मंग एक दिवस बगितलं, तर रागच न्हाई. आता झेंडा कुणीबी चढवा. तू आलीस, त्याचंबी काय वाटंना मला. बस, च्या घेऊन जा."

वहिनीनं चहा दिला, तो मी प्याले. त्याला राग असता तर पाया तरी पडता आलं असतं.