लोणच्याच्या झाकणावरचा वीर

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही हो. आमच्या काकूंच्या ओट्याखाली बरण्यांची झाकणं जमतात ना, तसेच ते जमतात. बरणी केव्हाच फुटलेली असते, झाकण मात्र "असू दे, लागते कधी" म्हणून राहून जातं. आता एवढे झालेत की एक ओढायला जावं तर दुसरे चार खडखड करत बाहेर येतात!

काकू म्हणजे सुधीरकाकांच्या. काका पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. यवतमाळला त्यांच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी आमचा खेळ असतो. काका गोष्ट सांगतात, गुहा, राक्षस, शापित किल्ले वगैरे, आणि आम्ही तिघं त्या गोष्टीतले वीर. काय करायचं ते आपण सांगायचं, जमलं की नाही ते फासे सांगणार. प्रत्येकाच्या वीराची बोटाच्या पेराएवढी मूर्ती टेबलावर उभी असते. मूर्तीच्या पायाखाली लागते एक चकती, तिला म्हणतात बेस. मूर्ती पार्सलनं येते, बेस आपला आपण निवडायचा आणि सजवायचा. खरं सांगू? खेळापेक्षा त्यातच आमचे जास्त रविवार गेले.

तिघं म्हणजे चष्म्याच्या दुकानवाला मी, दातांच्या डॉक्टर मनीषाताई आणि कळंबचा बंटी. बंटीची शेती आहे, कापूस, सोयाबीन, तूर. घरचं चांगलं, पोरगा निर्व्यसनी, पण चौतिशी आली तरी लग्न जमत नव्हतं. पोरीकडच्यांना वावर पाहिजे, पण वावरात जाणारा नवरा नको! बंटी हसून सांगायचा, पण मनातून खचत चालला होता. आम्हाला ते दिसायचं आणि फार वाईट वाटायचं. काकूंनी त्याचं लग्न जमवायचा विडाच उचलला होता, आणि त्यांच्या मते त्यात एकच आडकाठी होती. "त्या बाहुल्या पह्यले नालीत टाक, मंग पोरगी भेटते का नाई पाय!"

* * *

पहिला प्रताप माझाच. माझा वीर बर्फाळ डोंगरातला, म्हणून मी बेसला डिंक लावून वर बारीक रवा पेरला. काय बर्फ दिसत होता! मनीषाताईंनी फोटो काढले, मी उगाच कॉलर ताठ केली.

पुढच्या रविवारी ऐन लढाईत बंटी म्हणतो, "दादा, तुमचा बर्फ चालून राह्यला."

"काहीतरीच काय बे!"

वाकून पाहिलं तर खरंच! काकूंच्या घरातल्या यच्चयावत मुंग्या माझ्या डोंगरावर. प्रत्येकीच्या तोंडात एक दाणा आणि रांग थेट देवघराकडे. काकू झाडू घेऊन धावल्या. काकांनी मान वर न करता जाहीर केलं, "हिमकडा कोसळला. सगळ्यांनी फासे टाका!"

* * *

काकांनी नोकरीभर कालवे तपासले, आता ते आमचे बेस तपासतात. नवा बेस आला की कपाटातून गवंड्याची लेव्हल निघते. बेस इंचभर, लेव्हल फूटभर! तोल सांभाळत ती वर ठेवायची, एक डोळा मिटायचा आणि तिच्यातला बुडबुडा बघायचा.

"उतार आहे. पाणी साचेल."

"काका, या टेबलावर पाणी कुठून येणार?"

"तू उतार नीट ठेव. पाणी येईल तेव्हा येईल!"

* * *

मनीषाताईंची तऱ्हा वेगळी. त्यांची मूर्ती म्हणजे एक धनुर्धारी बाई, सुंदर रंगवलेली. पण तिला बेस काही पसंत पडेना. बटण आणलं, नको. फरशीचा तुकडा आणला, नको. ती बिचारी कापसात गुंडाळून डबीत आडवी पडलेली. आमचे वीर राक्षस मारताहेत आणि ताईंची वीरांगना झोपलेली!

शेवटी ताईंनी दवाखान्यातल्या प्लास्टरचे दोन खडक केले. ठरेना, म्हणून खुर्चीवरच्या पेशंटलाच विचारलं, "आजोबा, हा बरा की हा?" त्यांच्या तोंडात कापसाचे बोळे. बोलता येईना, म्हणून त्यांनी ट्रेमधल्या तिसऱ्याच प्लास्टरकडे बोट दाखवलं. ताईंनी पाहिलं तर काय खडबडीत, काय उंचसखल! घरी नेऊन शेवाळी रंग दिला, भुसा हिरवा करून गवत लावलं.

आठवड्यानं तेच गृहस्थ दवाखान्यात हजर. "डॉक्टर, कवळी झाली का? माह्या जबड्याचं माप घेतलं होतं न तुम्ही? मी त्या दिवशी दाखवलं बी."

ताईंनी हळूच पर्समधून बेस काढला. गृहस्थांनी तो बराच वेळ न्याहाळला.

"बाई," ते म्हणाले, "मी रोज घासतो हो!"

वीरांगना पुन्हा डबीत गेली.

* * *

आता बंटीचा बेस. आम्ही सगळे इंचभर चकती घेतो. बंटीनं काकूंच्या लोणच्याच्या बरणीचं झाकण उचललं! चांगलं तळहाताएवढं. त्यात स्वतःच्या वावरातली काळी माती भरली, पाणी घालून थापली आणि एका काठाला आपला वीर रोवला. मधात नाही, पार काठाला.

"बाकीची जागा कायले रे?" मी विचारलं.

"असू द्या दादा. जागा असली का बरी."

आणि एवढा शेतकरी माणूस, ते झाकण उन्हात वाळायला ठेवून गेला! काळी माती वाळल्यावर काय करते ते पोराटोरांना ठाऊक आहे. संध्याकाळी पाहतो तर ह्या भेगा! आम्ही पोट धरून हसलो. मनीषाताई म्हणाल्या, "आण, प्लास्टर भरून देते."

बंटी खवळला. "माह्या वावराले प्लास्टर? अजिबात नाई!"

आता खरी गंमत. गोष्टीत आम्ही राक्षसाच्या गुहेपाशी पोचलो. काकांनी पुठ्ठ्याची गुहा केलेली, दार दोन बोटं रुंद. माझा वीर आत गेला. बंटीचं झाकण दारात अडकलं.

"बेस जात नाही, म्हणजे तू जात नाहीस," काकांनी निकाल दिला.

"काका, माणूस तं बारीक हाय न!"

"नियम म्हणजे नियम."

आम्ही गुहेत खजिना लुटला आणि बंटी महिनाभर बाहेर आमची घोडी राखत बसला. मी किती वेळा म्हटलं, "झाकण बदल न बे!" पण हा हट्टी. "नाई बदलत." लग्नाच्या बाबतीतही त्याचं तसंच. दोन स्थळांनी सांगितलं होतं, शेती बटईनं, म्हणजे दुसऱ्याला वाट्यानं कसायला दे, यवतमाळात दुकान टाक, मग पाहू. तिथंही ह्यानं हेच उत्तर दिलं होतं.

* * *

आणि मग नेरचं स्थळ आलं. पोरगी अश्विनी, शाळेत गणित शिकवते. तिचे वडील काकांच्या ओळखीचे. रविवारी दोघं यवतमाळला येणार होते, काकू म्हणाल्या, घरीच या. आम्हाला ताकीद मिळाली की मदतीला या, पण खेळ बंद. पण टेबलावर सगळी लढाई मांडलेली, आवरणार कोण? काकूंनी वरून चादर टाकली आणि बंटीच्या कानात सांगितलं, "इचारलंच तं भाच्याचे खेळणे होत म्हण!"

पोहे झाले, पाऊसपाण्याचं बोलणं झालं. वडिलांनी चादरीवरचे उंचवटे पाहिले आणि कोपरा उचलला.

"हे काय होय जी?"

"भाच्याचे..." काकू सुरू झाल्या.

"नाई," बंटी म्हणाला. "आमचेच होत. हा लोणच्याच्या झाकणावरचा, तो माहा."

वडिलांनी बंटीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "चहा राहू द्या वहिनी. नेरची गाडी सुटते आता."

चहा नको म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं. काकूंचं तोंड एवढंसं झालं. बंटी आपल्या पायांकडे बघत उभा. चुकून तरी खोटं बोलला असता लेकाचा!

वडील दाराशी जाऊन चपला घालू लागले. अश्विनी मात्र टेबलावर वाकलेली.

"हा असा काठावर काहून उभा?" तिनं विचारलं. "एवढी जागा मोकळी आहे न."

"राहू देली," बंटी कसाबसा म्हणाला.

तिनं इकडेतिकडे पाहिलं. टेबलावरच मनीषाताईंची डबी उघडी होती. तिनं कापसातून ती धनुर्धारी बाई उचलली आणि झाकणावर बंटीच्या वीराशेजारी धरली. थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे. मग एका भेगेत तिचे पाय अलगद दाबले आणि हात काढून घेतला.

ती उभी राहिली.

"अगं, ती माझी..." मनीषाताईंनी तोंड उघडलं. काकूंनी त्यांना असा चिमटा काढला की त्या जागीच गप्प झाल्या.

"चाल अश्विनी," दारातून वडिलांचा आवाज आला. "गाडी जाईन आपली."

तिनं मान वर केली नाही.

"बाबा, दुसऱ्या गाडीनं जाऊ."