दोन मजल्यांमधला निरोप

दिघाशीत मोबाइल यायच्या आधीपासून निरोप म्हणजे द्रौपदी. कुणाला मुलगा झाला, कुणाची म्हातारी गेली, की हिच्या पायात चपला. मिळेल त्या टेम्पोनं पार वळ गावापर्यंत जायची, पण एक शब्द वाटेत सांडायची नाही. "दुरपदीनं सांगितलं म्हंजे झालं," असं गाव म्हणायचं. त्याची तिला घमेंड होती, आणि का नसावी?

तिचा नवरा लहानू पायांना सूज आली म्हणून भिवंडीच्या एका खाजगी इस्पितळात दाखल झाला. खाली हृदयाचे डॉक्टर, वर किडनीचे. मध्ये एक जिना. तो चढायची-उतरायची फक्त द्रौपदी.

वरचे म्हणाले, "मावशी, किडनी दमलीय. ती लघवी होण्याची गोळी बंद करायची. खाली सांगा."

तिनं सांगितलं. खालच्यांनी मोबाइलमधून डोकं काढलं नाही. "गोळी माझी आहे. बंद करायची तर त्यांनी मला सांगावं."

ती वर गेली. "तुम्हीच सांगा म्हणतात."

"फाइलमध्ये लिहिलंय की."

फाइल वाचतो कोण? कापडाच्या लूमवर शिफ्ट सुटताना कामगार पुढच्याला तुटलेला धागा दाखवून जातो. इथं तर माणूस होता.

सिस्टर औषधं घेऊन आली तेव्हा द्रौपदी आडवी आली. "बाय, ही गोळी बंद हाय."

"आम्हाला राउंडला 'तेच चालू ठेवा' सांगितलंय. तुम्ही डॉक्टर आहात का?"

लहानूच म्हणाला, "आण गं इकडं. त्यांना काय कळत न्हाय का?" आणि गिळली. रोज गिळत राहिला.

मग लघवीच थांबली. तेव्हा कुठे दोघे डॉक्टर एकत्र खाटेशी आले. वरच्यांनी खालच्यांकडे पाहिलं, खालच्यांनी द्रौपदीकडे. "मावशी, तुम्ही नीट सांगितलंच नाहीत. असा घोळ घालून चालतं का?"

वरच्यांना खरं काय ते ठाऊक होतं. ते फाइल चाळत राहिले. जन्मभर न चुकलेली बाई सगळ्या वॉर्डासमोर खोटी पडली.

लहानू गेला. मुलगा सुमित मोबाइलवरून सगळ्यांना कळवायला बसला. "दोन जागी मी जाणार," ती म्हणाली.

पुण्यानुमोदनाचा विधी उरकला आणि ती इस्पितळात गेली. रांग ओलांडून खालच्या केबिनमध्ये शिरली. "सुमितचा बाप गेला." डॉक्टरांनी तोंड उघडेपर्यंत ती जिना चढत होती. वरही तेवढेच शब्द.

वरच्यांनी चष्मा काढला. "बसा, मावशी."

"बसाया न्हाय आले. निरोप द्यायला आले. खाली बी सांगितलाय, तुम्हाला जिना उतराया नको."