नर्मदामावशीचे नऊ चमचे

समजा, तुम्हाला चाळीस लेकरांची खिचडी शिजवायची आहे. खोलीला खिडकी नाही. चुलीत कापसाच्या ओल्या पळाट्या धुमसताहेत. फुंकणी तोंडाला लावा आणि धूर छातीत न घेता फुंकत राहा. जमेल?

माझी नर्मदामावशी झरी गावाजवळच्या एका अंगणवाडीत मदतनीस आहे. तिने हे बावीस वर्षं केलं. आता गॅस आलाय, पण मावशीला पातेलं उचलतानाच धाप लागते. परभणीच्या दवाखान्यात श्वास मोजायच्या नळीत जोरात फुंकायला सांगितलं, तेव्हा म्हणाली, "जल्मभर फुंकतच आले की, बाबा. तवा कुणी मोजलं न्हाई."

डॉक्टर म्हणाले, फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे फाटलेत. ते परत येत नाहीत.

मी औषधनिर्माणशास्त्र शिकलेय. तिला धीर यावा म्हणून सांगितलं, की प्रयोगशाळेत असेच फुगे फाटलेल्या उंदरांना 'अ' जीवनसत्त्वापासून बनवलेलं औषध दिलं, तर नवे फुगे आले. मावशी कितीतरी दिवसांनी हसली. पुढचं मी सांगितलंच नाही.

'अ' जीवनसत्त्वाची बाटली तर अंगणवाडीच्या कपाटातच होती. सिस्टर दर सहा महिन्यांनी त्यातला एकेक चमचा लेकरांना पाजतात. मावशीने रोज एक घेतला, सलग नऊ दिवस. डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या, तळहातांची सालपटं निघाली. ती खूश झाली. तिला वाटलं, जुनं निघायलंय, म्हणजे आत नवं यायलंय.

दहाव्या दिवशी ती शेगडीपाशी कोसळली.

"मावशे, काय घेतलंस?" दवाखान्यात मी विचारलं.

"औषीद. तूच म्हणालीस की."

"अगं, सहा महिन्यांत एकदा घ्यायचं असतं ते! लिव्हर जाईल."

"एवढ्याशा लेकराला एक चमचा. मंग माझ्यासारख्या धिप्पाड बाईला नऊ लय झाले व्हय?"

तेव्हा मी उरलेलं सांगितलं. उंदरांचं औषध या बाटलीतलं नव्हतं; ते याच जातीचं, पण वेगळं. माणसांनाही ते महिनोन्‌महिने देऊन पाहिलं. फुप्फुसं भरून आल्याचं दिसलं नाही.

मावशीने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिच्या श्वासाची शिट्टी ऐकू येत होती. तीन दमांत तिने विचारलं,

"सृष्टे, त्ये उंदीर तरणे व्हते, का माझ्यावानी बावीस वर्सं धूर खाल्लेले?"