भिंतीवरची झूल

माझी ट्रंक बैलगाडीत चढवली तेव्हा माय घराची पुढची भिंत पोतारत होती. दसरा तोंडावर आला होता. लेक चालली म्हणून तिनं हातातलं काम सोडलं नाही. सोडलं तर रडू फुटेल असं तिला वाटलं असावं. कोपरापर्यंत पांढरी माती लागलेली, म्हणून तिनं मला जवळही घेतलं नाही. हात मागे धरून उभी राहिली आणि म्हणाली, "नीट राहाजो. पत्र टाकत जाजो." पत्र तिला वाचता येत नव्हतं.

गिरडजवळच्या आमच्या गावातून हिंगणघाटला गाडीवाटेनं, तिथून रेल्वेनं वर्ध्याला आणि पुढे मध्य प्रदेशात. यांना तिकडे नव्यानं उभ्या राहणाऱ्या एका कारखान्यात फिटरची नोकरी लागली होती. आमचा जिल्हा नुकताच मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता आणि मी मात्र मध्य प्रदेशात चालले होते. बाबा त्यावरून स्टेशनवर काहीतरी गमतीचं बोलले. कोणी हसलं नाही.

तुम्हांपैकी जे गाव सोडून गेले त्यांना ती क्वार्टरं सांगायला नकोत. दोन खोल्या, पत्र्याचं न्हाणीघर, पिवळा चुना. शंभर दारं एकसारखी. पहिल्या आठवड्यात मी पाणी घेऊन दोनदा दुसऱ्याच्याच दारात शिरले. आमच्या गावात असं कधी झालं नसतं. तिथं प्रत्येकीची भिंत वेगळी. माय गेरूनं मोर काढायची, मान जरा जास्तच लांब. कोनाड्याभोवती निळीची वेल. फुटक्या बांगड्यांचे तुकडे चिमणीच्या ज्योतीवर वाकवून त्यांची साखळी करायची आणि ती दाराला टांगायची. वारा आला की किणकिण व्हायची. आमच्याकडे किमती असं काही नव्हतं, पण येणारा माणूस दारात क्षणभर थांबायचा.

म्हणून मीही एके दिवशी गेरू कालवला आणि आमच्या दाराभोवती वेल काढली. जेमतेम चार दिवस राहिली. वसाहतीचा ओव्हरसियर फिरतीवर आला, भिंत सरकारी आहे, खराब करता येणार नाही, म्हणाला. यांची नोकरी अजून कच्ची होती. कामावरून आल्यावर यांनी स्वतः बादली घेतली आणि ओल्या फडक्यानं वेल पुसून काढली. मी आत चुलीपाशी बसून होते. हे रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. पुसल्यावर चुन्यावर तांबूस डाग तेवढा राहिला.

त्यानंतर माझं मनच उडालं. मला दिवस गेले होते, अन्न जात नव्हतं. मी मायला पत्र लिहिलं, त्यात एकच गोष्ट होती: मले घेऊन जा, मी इथं राहात नाई.

ते पत्र शाळेच्या गुरुजींनी तिला वाचून दाखवलं. तोवर रेल्वेत कधी न बसलेली माझी माय धाकट्या भावाला सोबत घेऊन पंधरा दिवसांत माझ्या दारात उभी राहिली. मी ट्रंक भरूनच ठेवली होती. तिनं ट्रंकेकडे पाहिलं, मग भिंतींकडे.

"काऊन वं, घर असं कोरं काऊन ठेवलं?"

मी ओव्हरसियरची हकीगत सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"भिंत सरकारची हाये ना? मंग तिले हात नको लावू. कापड त तुयं हाये."

भावाला तिनं दुसऱ्या दिवशी परत पाठवलं. स्वतः राहिली. बोचक्यातून तिनं पोळ्याची जुनी झूल काढली. आमचा म्हातारा बैल त्या साली गेला होता, त्याची ती झूल. कवड्या आणि आरशाचे तुकडे उसवून तिनं जुन्या लुगड्यावर नव्यानं टाके घातले. हे कामावरून आले तर पुढच्या खोलीत भिंतभर झूल टांगलेली.

"भिंतीला झूल?" हे म्हणाले.

"बैलाले शोभते, त भिंतीले काऊन नाई शोभत?" माय म्हणाली.

हे हसले. त्या घरात आल्यापासून मी यांना पहिल्यांदा मोकळं हसताना पाहिलं. मग म्हणाले, "दोरी ढिली आहे, मी नीट बांधून देतो." मी ट्रंक कधी उघडली ते आता आठवत नाही, पण त्याच आठवड्यात माझी लुगडी दांडीवर आली.

झूल पाहायला शेजारच्या बंगाली बाई आल्या, पलीकडची आंध्रातली अम्मा आली. अम्मानं मायला तांदळाच्या पिठाची रांगोळी दाखवली, मायनं तिला कवडी टाकायचा टाका. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. माझी मुलगी झाली तेव्हा पाळण्यावर टांगायला चिमण्या अम्मानं शिवल्या.

कापसाची वेचणी तोंडावर आली तशी माय निघाली. त्यानंतर ती पुन्हा आली नाही. दोन वर्षांनी तारच आली. मी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं.

पुढच्या दिवाळीला माहेरी गेले. भावाची बायको कुसुम नवीनच नांदायला आली होती. तिनं सगळी भिंत पोतारली होती, फक्त मायनं शेवटी काढलेल्या मोराभोवती हातभर जागा सोडली होती. ताज्या पांढऱ्या भिंतीत तेवढाच तुकडा मळका, पोपडे सुटलेला.

"ताई, मायची निशानी हाये म्हनून मी हात नाई लावला," ती दबकत म्हणाली.

मी खूप वेळ त्या मोरासमोर बसून राहिले. वाटलं, राहू द्यावा. पण मायनं कुठल्याच दिवाळीत मागच्या सालचा मोर ठेवला नव्हता. मी उठून पोतेरं घेतलं आणि त्यावरून फिरवलं. दोनदा फिरवावं लागलं. कुसुम रडू लागली, मग मीही.

"आता तुमी काढा," ती म्हणाली.

"तू काढ. राहतं कोन इथं?"

तिनं दोन पोपट काढले. मला ते आवडले नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

भाऊबीज झाल्यावर कुसुमनं आणखी दोन दिवस राहण्याचा आग्रह केला. मी म्हणाले, "नाई बाई, घरी जायचं हाये." शब्द तोंडातून गेला तेव्हा तिच्याआधी मीच दचकले. इतकी वर्षं 'घरी' म्हणजे गिरडकडची वाट होती. गाडी हिंगणघाटकडे लागली तसा मी मागे वळून गाव दिसेनासं होईपर्यंत पाहत राहिले, आणि ज्या घरी निघाले होते तिथं अम्माकडे ठेवलेली पोर दारात येऊन वाट पाहत असेल का, हेही मनात येत राहिलं.