बर्फातून परतलेली घोंगडी

फाल्गुनात ऊन तापायला लागलं आणि एखाद्या तरण्या पोराच्या डोक्याला कानटोपी दिसली, की माझी नजर तिथंच अडकते. बायको म्हणते, "रिटायर होऊन किती वर्षं झाली, सुटा आता त्यातनं." सुटलो असतो तर लिहायला बसलोच नसतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. तेव्हा मी इंदापूर तालुक्यात फौजदार होतो. नावं कुणाचीच सांगणार नाही, कारण त्यातली बरीच माणसं अजून तिथंच नांदताहेत.

सकाळची हजेरी नुकतीच उरकली होती. पळसदेवकडची एक मुलगी मावशीला घेऊन ठाण्यात आली. वय असेल विशीचं. ठाणे अंमलदारानं नेहमीप्रमाणे दोघींना बाकावर बसवून ठेवलं होतं. ती उठून थेट माझ्या टेबलाशी आली.

"साहेब, माझा भाऊ हरवलाय. त्याची तक्रार लिहून घ्या."

घर पूर्वी मेंढरं राखणारं, आता धरणाच्या पाण्यावर भाजीपाला पिकवणारं. बाप लहानपणीच वारलेला. घरचा कारभार थोरल्या चुलत्याच्या हातात, त्यांना सगळे आबा म्हणत. भाऊ बारामतीला कॉलेजात शिकत होता. तिथल्या हौशी पोरांनी एक गिर्यारोहण मंडळ काढलं होतं. सह्याद्रीतले किल्ले चढून झाल्यावर त्यांना बर्फावर घसरायला शिकायचं वेड लागलं. माळेगावकडं साखर कारखान्यामागच्या बगॅसच्या, म्हणजे उसाच्या भुशाच्या, ढिगावर ही पोरं पायाला फळ्या बांधून घसरायची आणि ट्रॅक्टरवाले गाड्या थांबवून बघत बसायचे. हसू येईल, पण बर्फ न बघितलेल्या पोरांनी सराव करायचा कुठं? शेवटी एका शिकवणाऱ्या सरांबरोबर मंडळाची सहल हिमाचलातल्या एका थंड हवेच्या ठिकाणी गेली. ती परत आली. भाऊ आला नाही.

"बाकीचे काय सांगतात?" मी विचारलं.

"त्याची पुढच्या कोर्ससाठी निवड झाली, म्हणून तो तितंच ऱ्हायला म्हनत्यात. आबा बी तेच सांगत्यात. पर साहेब, चार दिसांनी माझं लगीन हाय. नवरदेवाचा कान पिळायला त्यो कसल्या बी कोर्समधनं पळून आला असता."

"हा काही पुरावा नाही, बाई."

"आनि त्याचा जोडीदार? आमच्याच ताटात जेवून वाढलेला पोरगा. सहलीवरनं आल्यापासनं त्यानं आमचा उंबरा ओलांडला न्हाय. परवा वाटंत दिसला, तर मला बघून उसात शिरला."

मी बेपत्ता रजिस्टरला नोंद घेतली. वर्णन, उंची, अंगावरचे कपडे, सोबतच्या वस्तू. वस्तू विचारल्यावर ती म्हणाली, "आमच्या बापाची काळी घोंगडी. आईनं पेटीतनं काढून दिली हुती. म्हनली, बर्फ म्हंजे काय आपल्या माळावरची थंडी न्हाय." जाताना तिनं एवढंच सांगितलं, "त्यो हाय का न्हाय, एवढं मला अक्षता पडायच्या आदी सांगा."

खरं सांगायचं तर मला हे सगळं लग्नघरातलं रुसणं-फुगणं वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी आमचा जुना हवालदार भिगवणला जाऊन आला. हायवेवरच्या खानावळीत मासळी खाता खाता त्याची एका जीपवाल्याशी गाठ पडली. याच जीपवाल्यानं त्या पोरांना स्टेशनवरून घरी सोडलं होतं. जाताना पोरांनी दंगा करून जीप डोक्यावर घेतली होती, येताना कुणी तोंड उघडलं नाही. सगळ्यांचं सामान टपावर, पण एका पोरानं लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी मांडीवर धरलेलं. तो मागच्या कडेला अंग चोरून बसलेला आणि जीपवाल्यानं पुढ्यात केलेला चहाही त्यानं घेतला नाही.

आता मात्र माझं डोकं फिरलं. एक पोरगा कमी आणि बाकीचे चिडीचूप. पोलिसाचं मन अशा वेळी एकाच वाटेनं धावतं. मी सरांना आणि मंडळाच्या पोरांना ठाण्यात बोलावून वेगवेगळं बसवलं.

प्रत्येकानं सांगितलं, "त्याची पुढच्या कोर्ससाठी निवड झाली." शब्दाला शब्द तोच. इथंच मला खात्री पटली की हे खोटं आहे. खरी गोष्ट चारजणांनी सांगितली तर ती चार तऱ्हांची होते. कुणाला वेळ आठवते, कुणाला जेवण, एखादा मध्येच तिसरंच काही सांगत बसतो. पाठ केलेली गोष्ट मात्र सगळ्यांची सारखी येते. मी आवाज चढवला, टेबलावर काठी आपटली. सर घामाघूम झाले, पण कोर्सच्या पुढं सरकले नाहीत. तो जोडीदार तर भिंतीकडं बघत जमिनीवर बसून होता. खुर्ची दिली तरी बसला नाही. डोक्याला कानटोपी, आणि बाहेर असं ऊन की कौलं तडकावीत.

तो शनिवार होता. आमच्या ठाण्यात शनिवारी मारुतीच्या तसबिरीपुढं नारळ फुटायचा, मग कोठडीत कुणी असला तरी त्यालाही प्रसाद मिळायचा. हवालदार खोबऱ्याचे तुकडे वाटत आला. जोडीदारापुढं त्यानं हात केला, तसे त्या पोरानं दोन्ही हात पाठीमागं नेले.

हवालदार थबकला. त्यानं ताटली खाली ठेवली आणि हळूच पोराची कानटोपी काढली. डोक्यावर नुकते उगवू लागलेले खुंट होते. मिशीही काढलेली.

"आई-बाप हायेत न्हवं रं तुझे?" हवालदारानं विचारलं.

"हायेत."

"मग अग्नी कुनाला दिलास?"

पोरगा गुडघ्यात डोकं घालून रडायला लागला. इतका वेळ मी ओरडून जे निघालं नाही, ते त्या एका प्रश्नानं निघालं.

सहलीचा शेवटचा दिवस. शिकवणी संपली होती, सामानही बांधून झालं होतं. आणखी एकदाच म्हणून त्या मुलीचा भाऊ एकटा वरच्या उतारावर गेला. तिथला बर्फ सुटला. संध्याकाळपर्यंत उकरून त्याला बाहेर काढला, तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं.

"घोंगडी?" मी विचारलं. सोबतच्या वस्तूंचा हिशेब लावायची सवय, दुसरं काय.

"खोलीतच हुती. वर जाताना मी म्हनलं, घे. त्यो म्हनला, जड हुतीय, घसरताना पायात येईल."

तिथल्या पोलिसांनी पंचनामा केला, शवविच्छेदन झालं. सरांनी गावात फोन लावून आबांना फोनवर बोलावून घेतलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, तिथंच अग्नी द्या, आणि पोरीच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत कुणाच्या कानावर जाऊ देऊ नका. तिथल्या पोलिसांपुढं मयताचा नातेवाईक म्हणून उभा राहिला तो हाच जोडीदार.

मी सरांकडं वळलो. "तुम्ही शिकलेले. तुम्हाला कळलं नाही?"

"घरच्या कर्त्या माणसानं सांगितलं, साहेब. मी कोण मधे पडणार?"

बिनतारी संदेश पाठवून तिकडच्या ठाण्याकडून खात्री करून घेतली. अकस्मात मृत्यूची नोंद होती, संशयास्पद काही नव्हतं. म्हणजे गुन्हा नाही. तपास संपला. कागदावर तरी संपला.

दुसऱ्या दिवशी आबा आपण होऊन आले. उंच, वाळलेला, पटका बांधलेला माणूस. बसा म्हटलं तरी उभेच राहिले.

"साहेब, दोन दिस कड काढा. परवा लगीन उरकलं की मीच सांगतो. आत्ता कळलं तर मांडवात सुतक शिरंल. लगीन मोडलं तर पोरीच्या पायगुणावर खापर फोडतील लोक. बापामागं तिला मी वाढीवलंय."

"आणि तुम्हाला नाही का सुतक?"

"सुतक ऐकल्यापासनं लागतं. मी ऐकलं, मी एकटा पाळतोय. पाठ धरलीय म्हनून सांगितलंय घरात. देवाच्या कामाला हात लावत न्हाय, पंगतीत बसत न्हाय." मग म्हणाले, "मी अजून रडलो बी न्हाय, साहेब. रडायला घरात जागा कुठं हाय? सगळीकडं मांडव घातलाय."

मला या माणसाचा राग धरायचा होता, आणि धरता येत नव्हता. त्यांच्या जागी माझ्या वडिलांनीही कदाचित हेच केलं असतं. पण ती मुलगी माझ्या टेबलाशी येऊन काय मागून गेली होती, ते मी विसरू शकत नव्हतो. उद्या हळद. एकदा हळद लागली की ती तोंडानं काही विचारूही शकणार नव्हती.

मी म्हणालो, "आबा, तक्रार तिची आहे. आज तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगतो." ते पटका सारखा करून जीपमध्ये येऊन बसले.

घरासमोर मांडव होता. कासार आला होता आणि बायकांना हिरवा चुडा भरणं चाललं होतं. त्या मुलाची आई, विधवा म्हणून, कडेला बसून बघत होती. एकीच्या हातात बांगडी जाईना म्हणून कासारानं काहीतरी चेष्टा केली, आणि आई मोकळी हसत होती. मी मांडवाच्या कडेला थांबलो आणि टोपी काढून हातात घेतली. आबा माझ्या शेजारी मान खाली घालून उभे राहिले.

मुलीनं आधी माझी टोपी पाहिली, मग आबांचं तोंड. तिला पुढं काही सांगावं लागलं नाही. आई उठून उभी राहिली.

"कवा?" एवढंच तिनं विचारलं.

मी सांगितलं. सगळं, सरळ. अग्नी कुणी दिला तेही. बायकांत रडारड उठली, पण आईच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. ती आबांपुढं जाऊन उभी राहिली.

"इतकं दिस मला हसू दिलंत, आबा," ती म्हणाली. "माझा ल्योक राख झाला, आनि मी हितं हसत हुते."

आबा मांडवाच्या खांबाला धरून खाली बसले आणि तेव्हा कुठं रडले. मुलगी त्यांच्याजवळ जाऊन बसली. माझ्यासोबत आलेला हवालदार तोंड फिरवून बाहेर गेला.

लग्न मोडलं नाही, हे सांगून टाकतो. नवऱ्या मुलाकडचे भेटायला आले आणि तेराव्यानंतर घरच्यांतच देवळात अक्षता टाकू म्हणाले. कान पिळायची वेळ आली तेव्हा मुलीनं त्या जोडीदाराला पुढं बोलावलं. त्यानं कान नुसता धरला, पिळला नाही. आबांना ज्या लोकांची धास्ती होती, ते काही वाईट बोलले नाहीत. माणूस लोकांना भिऊन किती ओझं उगाच एकट्यानं वाहतो.

या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. बातमी ज्याची आहे, ती त्याला मिळालीच पाहिजे. आपण मायेपोटी लपवतो, पण लपवलेल्या दिवसांत त्या माणसाला जे हसवतो, ते हसणं त्याला पुढं जन्मभर टोचतं. त्यानंतर सगळ्या नोकरीत मृत्यूची बातमी मी कधी शिपायाकरवी धाडली नाही. स्वतः गेलो, टोपी काढली, आणि सांगितलं. खोटा दिलासा कुणाला दिला नाही.

पण मांडवात बातमी सांगितली त्याच दिवशी पुढं जे घडलं, ते या शिकवणीत बसत नाही.

अस्थी घरात आणत नाहीत. जोडीदारानं ते मडकं उजनीच्या पाण्याकाठी एका बाभळीला टांगलं होतं आणि रोज जाऊन तो त्याच्यापाशी बसत होता. आई म्हणाली, मला तिथं न्या. ओसरत्या पाण्यातून जुन्या देवळाचा कळस वर आला होता. मडक्याला तिनं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. लाल फडकं स्वतः सोडलं आणि मडकं मांडीवर घेऊन बाभळीखाली बसली. जोडीदार घरून घोंगडी घेऊन आला होता. ती त्यानं तिच्यापुढं ठेवली. तिनं घोंगडीवरून हात फिरवला.

"लई थंडी वाजली का रं त्याला?" तिनं विचारलं.

पोरानं एकदा माझ्याकडं पाहिलं. आदल्याच दिवशी त्यानं मला जबाब दिला होता.

"न्हाय काकी," तो म्हणाला. "ही घोंगडी हुती की त्याच्या अंगावर."

तिनं मान हलवली, घोंगडी मडक्याभोवती गुंडाळली आणि मग ती रडली. खोटं पकडण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्या बाभळीखाली मात्र मी टोपी हातात धरून गप्प उभा राहिलो.