क्लिफर्डच्या हातचं बटण

शर्टाचं एक बटण नव्हतं, आणि ते नोरीननेच कापलेलं होतं.

अंत्यसंस्काराची व्यवस्था बघणारे मिस्टर ओल्डरॉइड सकाळी दारात टोपी हातात धरून उभे राहिले होते. "घाई नाही हो, मिसेस ॲस्क्यू. पण त्यांचे कपडे उद्यापर्यंत मिळाले तर बरं होईल." म्हणून तिने क्लिफर्डचा पांढरा शर्ट बाहेर काढला. चॅपेलला, म्हणजे गावच्या छोट्या चर्चला, आणि लग्नाकार्याला घालायचा तो. इस्त्री फिरवता फिरवता तिचा हात पोटापाशी थांबला. खालून दुसरं बटण गायब होतं. मग आठवलं. मागे एकदा बारशाच्या कार्डांना एक बटण कमी पडत होतं, तेव्हा तिनेच कात्री लावली होती. क्लिफर्ड आजारी पडल्यापासून स्वेटरच घालत होता. शर्ट आता कोण बघतंय, असं ती तेव्हा म्हणालीसुद्धा होती.

पांढरी बटणं घरात डबे भरून होती. एक टाचलं असतं तर काम झालं असतं. पण नोरीनच्या मनाने घेतलं की या जागी क्लिफर्डने स्वतः रंगवलेलं बटण लावायचं. कुठल्याही रंगाचं असो. कोटाखाली झाकलं जाईल, कोणाला दिसायचं नाही. त्याच्या हातचं काहीतरी त्याच्याबरोबर जायला हवं. एवढं ठरवून ती शोधायला बसली, आणि दुपारपर्यंत तिला एकसुद्धा सापडलं नाही.

थॉर्नबेकमध्ये कार्डाशिवाय काही होत नाही. मूल झालं, कार्ड. गाडी चालवायची परीक्षा पास झाली, कार्ड. गुडघा बदलला, कार्ड. शेजाऱ्याशी वर्षभर अबोला असला तरी त्याचं मांजर मेलं की कार्ड जातंच. जे बोलायला जीभ रेटत नाही ते कार्डात घालायचं आणि पाकीट चिकटवून मोकळं व्हायचं, अशी आमच्या यॉर्कशरची रीत. दुकानात ढिगाने छापील कार्डं मिळतात, पण ज्याला थोडी तरी चाड आहे तो चॅपेलच्या हॉलमध्ये शुक्रवारच्या कॉफीला येतो आणि नोरीनच्या टेबलावरून हातची कार्डं घेतो.

तिच्या कार्डांची शान म्हणजे बटणं. फुलाच्या मधोमध बटण, फुग्याच्या जागी बटण, बाळाच्या गाडीला चाकं म्हणून बटणं. आणि कागदाचा जो रंग, तोच बटणाचा. असली बटणं विकत मिळत नाहीत. साधी पांढरी शर्टाची बटणं घ्यायची, स्पिरिटच्या शाईच्या पेनांनी रंगाचा एक हात द्यायचा, वाळलं की दुसरा, मग कागदाशेजारी धरून बघायचं. जरा फरक वाटला तर स्पिरिटचा बोळा फिरवायचा, बटण पुन्हा कोरं. "रंग जुळला नाही तर ते हाताने केलेलं नव्हे, हाताने बिघडवलेलं," असं नोरीन नव्या बायकांना सुनवायची. या बाबतीत तिचा तोरा राणीचा होता.

क्लिफर्ड रंगारी. गावातल्या निम्म्या दारांना त्याचा ब्रश लागलेला. पक्षाघाताने त्याचा उजवा हात नेला आणि बोलणंही नेलं. तीन शब्द तेवढे मागे ठेवले: "हं", "झकास", आणि नोरीनला तो लग्नाआधीपासून मारायचा ती हाक, "पोरी". दवाखान्यातली नर्स म्हणाली, डाव्या हाताला काहीतरी काम द्या. नोरीनने बटणं दिली. पुढच्या खिडकीशी त्याची खुर्ची, मांडीवर ट्रे, बाजूच्या स्टुलावर मगभर पेनं.

"आज फिकट जांभळी हं, क्लिफर्ड," ती सांगायची.

"हं," तो म्हणायचा.

आणि जेवणवेळेला ट्रे बघावा तर सगळी बटणं नारिंगी. गुलाबी सांगितली तर राखाडी. पिवळी सांगितली तर बाटलीसारखी हिरवीगार. बिचाऱ्याची नजरही गेली, असा नोरीनने समज करून घेतला आणि त्याला कधी दुखावलं नाही. "वा, छान झाली," असं म्हणून ती ट्रे उचलायची. जेवून त्याचा डोळा लागला की मागच्या मोरीत जाऊन दार लोटायचं, एकेक बटण पुसायचं, आणि कागदाबरहुकूम पुन्हा रंगवायचं. डोळ्यांत तेल घालून. एकही निसटू दिलं नाही.

ही गोष्ट फक्त तिच्या मैत्रिणीला ठाऊक होती. थेल्मा बर्केट दोन घरं सोडून राहायची, आणि नोरीन बाजारात गेली की क्लिफर्डपाशी येऊन बसायची.

"राहू दे की गं एखादं," थेल्मा म्हणायची. "नारिंगी बटणाने कोणी मरत नाही."

"सांत्वनाच्या कार्डावर नारिंगी? लोक म्हणतील, ॲस्क्यूबाई आता संपली."

"म्हणू देत. माझ्या केकबद्दल लोक काय काय म्हणतात, मी करायची थांबले का?"

"थांबायला हवं होतंस," नोरीन म्हणायची, आणि बोळा स्पिरिटमध्ये बुडवायची.

तिच्या मनात वाकडं काही नव्हतं. पण त्या पुसण्यात नवऱ्याची माया किती आणि आपल्या नावाची काळजी किती, हे कोणी विचारलं असतं तर तिलाही सांगता आलं नसतं.

गेल्या गुरुवारी तिने क्लिफर्डला फिकट जांभळी बटणं सांगितली होती. सांत्वनाची कार्डं संपत आली होती आणि चॅपेलमधून फोनवर फोन येत होते. त्याने रंगवली, तिने पुसली, पुन्हा रंगवली, चिकटवली, शुक्रवारी टेबलावर नेऊन ठेवली. शुक्रवारीच त्याची छाती कफाने भरली आणि तो अंथरुणातून उठला नाही. रविवारी सकाळी गेला.

सोमवारपासून दाराच्या फटीतून कार्डं पडायला लागली. पाकीट फोडलं की फिकट जांभळं फूल, मधोमध फिकट जांभळं बटण. दुसरं फोडलं, तेच. गाव तरी काय करणार? सांत्वनाचं चांगलं कार्ड मिळायची जागा एकच. तिच्याच टेबलावरून घेतलेलं दुःख टपालाने तिच्याच घरी परत येत होतं. कार्डं करणाऱ्या बायकांच्या मंडळातल्या कोणीही स्वतः केलेलं कार्ड पाठवलं नव्हतं. नोरीनला आपल्या हातचं पाठवायची छाती कोणाला होती?

शर्टाचं ठरल्यापासून ती आलेलं कार्ड उघडून आधी बटण बघायची आणि मग नाव वाचायची. आपल्या नजरेतून एखादं तरी सुटलं असेल, ही आशा. शेवटी कोट चढवून ती आपल्या जुन्या गिऱ्हाईक मिसेस क्रॅगच्या घरी गेली आणि त्यांच्याकडची जुनी कार्डं बघायला मागितली. नवरा गेला की माणसाला काय काय सुचतं, म्हणून मिसेस क्रॅगनी काही न विचारता अख्खा खोका समोर ठेवला. वाढदिवस, नाताळ, नातवाचं बारसं. नोरीनने एकेक कार्ड उजेडात नेऊन पाहिलं.

"तुमचं एकही टाकलं नाही हो मी," मिसेस क्रॅग कौतुकाने म्हणाल्या. "काय ते काम! एका बटणाचा रंग कधी इकडचा तिकडे नाही."

"नाही ना," नोरीन म्हणाली, आणि खोका बंद करून घरी आली.

घरी थेल्मा किटली चढवून बसली होती. टेबलावर तिने आणलेला आल्याचा केक होता, नेहमीसारखा एका बाजूने बसलेला. इस्त्रीच्या फळीवर शर्ट तसाच पडलेला.

"कुठे होतीस गं? मी घाबरले ना."

नोरीनने सांगितलं. शर्ट, बटण, मिसेस क्रॅगचा खोका, सगळं. "एक ठेवायला हवं होतं, थेल्मा. तू म्हणत होतीस. बरं झालं, त्याला कळलं तरी नाही."

थेल्माने चहा ओतला. दूध घातलं, साखर घातली, आणि नोरीन साखर घेत नाही हे तिला मग आठवलं.

"त्याला कळलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"पुसतेस ते. अगं, जन्म गेला त्याचा टर्पेंटाइनमध्ये. तुझ्या हाताचा वास त्याला यायचा नाही होय? एकदा तू मोरीतून आलीस, त्याच्या गळ्याशी मफलर नीट केलास आणि गेलीस. त्याने मफलर नाकाला लावला, माझ्याकडे बघितलं आणि हसला. मी म्हटलं, क्लिफर्ड, ती पुसते, माहीत आहे ना तुला? म्हणाला, हं. म्हटलं, राग नाही येत? म्हणाला, झकास. आणि पुढचं बटण घेतलं."

रंगाऱ्याने दिलेला हात दुसऱ्याने खरवडून काढायचा, याहून मोठा अपमान त्या धंद्यात नाही. नोरीनला हे ठाऊक होतं. असल्याच एका दारावरून क्लिफर्ड त्याच्या सख्ख्या भावाशी मरेपर्यंत बोलला नव्हता.

"मग रंगवायचा कशाला?"

"तू दिलेलं काम होतं म्हणून." थेल्माने कप तिच्यापुढे सरकवला. "आणि चुकीचे नव्हते गं ते रंग. बटण वाळलं की तो खिडकीपाशी धरायचा. मला वाटायचं, वारा देतोय. मग लक्षात आलं, बाहेरच्याशी जुळवून बघतोय."

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

"आधी सांगितलं असतं तर तू खिडकीला पडदा लावला असतास," थेल्मा बोलून गेली. मग म्हणाली, "चुकलं माझं. तोंड आहे की काय आहे."

पण नोरीनचं तिकडे लक्ष नव्हतं. ती उठली आणि क्लिफर्डच्या खुर्चीत जाऊन बसली. त्या खुर्चीत ती याआधी कधी बसली नव्हती. खुर्ची बुटकी होती, आणि तिथून रस्ता दिसत नव्हता, त्याच्या पलीकडचं दिसत होतं. चॅपेलच्या भिंतीवरून बाहेर झुकलेलं रोवनचं झाड, फळांच्या घोसांनी लगडलेलं. नारिंगी. तेच नारिंगी, जे तिने त्याच्या नजरेचा दोष मानलं होतं. त्याच्या मागे समोरच्यांचं स्लेटच्या दगडी कौलांचं छप्पर, नुकत्याच येऊन गेलेल्या पावसाने गडद झालेलं. ते राखाडी. कोपऱ्यावरची बसची शेड, क्लिफर्डनेच कधीकाळी रंगवलेली, बाटलीसारखी हिरवी. एकेक रंग तिला ओळखीचा निघाला. प्रत्येक तिने आपल्या हाताने पुसला होता.

"नारिंगी लाव मग," थेल्मा मागून म्हणाली. "तूच लाव. त्याच पेनाने, त्याच झाडाचा. त्याचंच झालं ते."

नोरीनने नकारार्थी मान हलवली. फडताळावर रांगेने उभी असलेली कार्डं होती, त्यातलं पहिलं तिने घेतलं आणि बटण सोलून काढलं. गुरुवारच्या ट्रेमधलं. क्लिफर्डच्या हाताखालून शेवटी गेलेल्या बटणांपैकी ते एक होतं. मोरीतून तिने स्पिरिटची बाटली आणली आणि आपलं फिकट जांभळं पुसलं. खाली दुसरा रंग निघणार नाही हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? दार खरवडलं की आधीचे सगळे हात एकाखाली एक दिसतात, क्लिफर्ड दाखवायचा. बटणाचं तसं नसतं. तरी तिने वाकून बघितलं. पांढरं होतं.

"गुरुवारी याला काय रंग होता, थेल्मा?"

"मला कसं ठाऊक? मी मंगळवारची येणारी. तूच पुसलास ना?"

पुसला होता. फोन वाजत होता, घाई होती, बोळा कचऱ्यात गेला होता आणि कचरा शुक्रवारी सकाळीच गाडीतून गेला होता. नोरीनने डोळे मिटून खूप आठवून पाहिलं. मोरीतला दिवा आठवला, बाटलीचं झाकण आठवलं. रंग आठवेना. रंग पुसताना ती रंगाकडे बघतच नसे. खालचं पांढरं कधी दिसतं, तेवढंच बघायची. शेवटच्या दिवशी या खुर्चीत बसून तिच्या माणसाने काय बघितलं, कशाशी जुळवलं, हे त्याने बटणांवर लिहून तिच्या हातात दिलं होतं, आणि तिने वाचलं नव्हतं.

मगातून तिने नारिंगी पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं. हिरवं उचललं, ठेवलं.

"कुठलाही लाव गं, पोरी," थेल्मा म्हणाली. "त्याला चालेल."

"त्याला सगळंच चालायचं," नोरीन म्हणाली. "तेच तर झालं."

तिने सुईत दोरा ओवला आणि ते पांढरं बटण तसंच शर्टाला लावलं. चारी भोकांतून दोरा घेतला, गाठ मारली, उरलेला दोरा दाताने तोडला. मग शर्ट खिडकीपाशी उजेडात धरला. वरपासून खालपर्यंत सगळी बटणं एकसारखी होती. नवीन कोणतं, हे शोधूनही सापडलं नसतं.

"अगदी जुळलं बघ," थेल्मा सवयीने म्हणून गेली.

रविवारपासून नोरीन रडली नव्हती. आता ती शर्ट तोंडाशी धरून रडायला लागली, आणि शर्टाला पुन्हा इस्त्री करावी लागली.